समुद्रावरचं फायनल इन्स्पेक्शन

चाकणच्या कंपनीत आम्ही बायका फायनल इन्स्पेक्शनला आहोत. पार्ट हातात घ्यायचा, फिरवून बघायचा आणि मोठ्यानं 'ओके' नाहीतर 'रिजेक्ट' म्हणायचं, की शेजारची शिक्का मारते. गेल्या हिवाळ्यात सुट्टीला गाडी करून आम्ही दापोलीकडे समुद्रावर गेलो. निम्म्याजणी समुद्र पहिल्यांदाच बघत होत्या.

तिथे सुरय पक्षी मासे धरत होते. हवेत एका जागी फडफडत थांबायचे आणि दगड टाकल्यासारखे थेट पाण्यात! पहिला रिकाम्या चोचीनं वर आला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "रिजेक्ट!" दुसऱ्याच्या चोचीत मासा चमकला. "ओके!" सगळ्या किंचाळल्या. मग काय, थांबतंय कोण! कंपनीत जिच्या ओठाचा कोपरासुद्धा हलत नाही ती आमची लाइन लीडर सलवार गुडघ्यापर्यंत वर करून पाण्यात उभी राहून ओरडत होती. हसून हसून माझं पोट दुखायला लागलं.

एक पक्षी मात्र दर बुडीला रिकामाच वर यायचा. मी वैतागले. "अगं, ह्याला लाइनवरून काढा कुणीतरी!"

"गप गं," लीडर म्हणाली, "ट्रेनी आहे तो."

तो परत वर चढला. आम्ही सगळ्या चिडीचूप. त्यानं सूर मारला आणि चक्क मासा घेऊन वर आला! "ओकेऽऽ!" आम्ही अशा काही ओरडलो की दचकून त्याच्या चोचीतला मासा पाण्यात पडला.

लीडर सावकाश आमच्याकडे वळली.

"तुम्ही सगळ्या रिजेक्ट!"