कुंपणाकडचा वाफा

कांद्याच्या रोपांचे शेंडे कापताना हौसाक्का माणसांची नावं घ्यायची. देवाची नव्हेत हं, वैऱ्यांची. डाव्या मुठीत रोपांची जुडी, उजव्या हातात झिजलेला विळा, आणि शेंडे तुटले की एक नाव. "हे नणंदेचं. हे त्या दूधवाल्याचं." मी एकदा म्हटलं, "आक्का, रोपांना काय कळतंय?" तर म्हणाली, "त्यांना न्हाई कळत. मला बरं वाटतं."

सुप्याजवळच्या आमच्या गावात तिचं घर माझ्या घराला लागून. परसात दोन-तीन खाटा मावतील एवढी जागा, तिथंच मोरीच्या पाण्यावर ती वर्षाचे कांदे करायची. बी तिच्या आईचं. दरसाल दहा-बारा कांदे फुलू द्यायचे, बी काळं झालं की चोळून काढायचं आणि पुढच्या थंडीला तेच टाकायचं. कांद्याचं बी जुनं झालं की उगवत नाही. एक साल चुकलं की वाण गेला. लावून उरलेली रोपं मात्र सगळ्या गल्लीला. "मागा, टोपलंभर देईन," म्हणायची, "न इचारता काडी नेली तर मरेपर्यंत ध्यानात ठेवीन." आणि ठेवायची, बाई!

कुंपणापलीकडं तिची धाकटी जाऊ कमल. एका साली आक्का बाजाराला गेली आणि परत येते तो अर्धा वाफा रिकामा. पलीकडं कमलच्या परसात ताजी लागण. आक्कानं विचारलं, तर कमल नळावर सगळ्या बायकांसमोर पदर खोचून उभी राहिली. "ह्यांनीच माझी रोपं नेली मागल्या आठवड्यात. मोठी जाऊ म्हणून मी गप राहिले. आता उलट मलाच चोर म्हणत्यात!" इतकं सफाईनं बोलली की बायकांनी माना डोलावल्या.

मी माझ्या गच्चीवरून पाहिलं होतं. कमलनं टोपलं कुंपणावरून घेतलं, ते या डोळ्यांनी पाहिलं होतं. पण माझ्या मुलीला कमलच्या माहेरचं स्थळ चाललं होतं. मी हंडा उचलला आणि घरी आले.

दुसऱ्या दिवशी आक्का शेंडे कापत बसली होती. "हे कमळीचं." मग माझ्याकडं सरळ बघून, "अन् हे तुझं." त्यावर चहाही दिला तिनं. पण नाव काही सोडलं नाही. "राग रोपासारखा असतो बघ," म्हणाली. "एका जागी दाट ठेवला की कुजतो. उपटून चार बोटांवर लावावा, मग पोसतो."

पुढच्या दसऱ्याला तिनं मला हाक मारली. तळहातावर बियांची पुडी. "लाल कांद्याचं हाय, पावसाळी. पोराकडून मागवलं. थंडीत लावलं तर काय हुईल?"

"डेंगळे येतील," मी म्हटलं. म्हणजे कांदा पोसायच्या ऐवजी मधून दांडा निघतो आणि वर फूल. तो कांदा ना धड खायचा, ना साठवायचा.

"कुंपणाकडच्या वाफ्यात टाकते. बघितलंस ना? मग झालं." आईचं बी तिनं गच्चीवर, फुटक्या बादल्यांत टाकलं. रोपाच्या कपाळावर काही जात लिहिलेली नसते. सगळी सारखीच हिरवी.

रोपं तयार झाली तसं एका बाजाराच्या दिवशी तिनं अंगणातून गल्लीभर ऐकू जाईल असं सांगितलं, "मी चालले गं, दिस मावळायच्या आत येत न्हाई!" संध्याकाळी तो वाफा भादरलेल्या मेंढीसारखा झाला होता. आक्का ब्र काढेना. उलट कुंपणावरून म्हणायची, "कमल, पाणी कमी पडतंय गं तुझ्या कांद्यांना." तो गोडवा ऐकून माझ्या अंगावर काटा यायचा.

शिवरात्रीच्या सुमारास कमलचं परस पांढऱ्या गोंड्यांनी भरलं. आक्का गल्लीतल्या बायका घेऊन तिच्या दारात. "जाऊबाई, फुलबाग लई झ्याक केली. म्हादेवाला वाहायची का?"

"बी खराब निघालं, मी काय करू?"

"कुठलं बी?"

"माझं घरचं!"

"व्हय? मग पावसाळी लाल कांदा तुझ्या घरी कवा आला?" आणि आक्का माझ्याकडं वळली. "हिला इचारा."

माझी मुलगी तेव्हा कमलच्याच भावाच्या घरात नांदत होती. पण बोलले. "लाल बी आक्कानं कुंपणाकडच्या वाफ्यात टाकलं, माझ्यासमोर. आणि गेल्या सालचं टोपलंही मी बघितलंय." तोवर कुणीतरी गोंड्यांचा फोटो काढून बचत गटाच्या ग्रुपवर टाकलासुद्धा. कमल घरात गेली ती दोन दिवस नळावर आली नाही. मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

मुलीला मात्र सासरी वर्षभर टोमणे खावे लागले. आक्काला सांगितलं तर म्हणाली, "उशिरा बोललीस, म्हणून जास्त लागलं." एवढंच. पण शेंड्यांवरचं माझं नाव गेलं. कमलचं राहिलं. मी एकदा म्हटलं, "आता माफ कर गं." तर म्हणते, "माफ करायला देव हाय. त्याला कुठं कांदे लावायचेत?"

गेल्या थंडीत आक्कानं अंथरूण धरलं. कमल पेज घेऊन आली, उशाशी बसून चमच्या-चमच्यानं पाजली. आक्का वाटीभर प्यायली, ओठ पुसून घेतले आणि म्हणाली, "चांगली झालीय. बी मागू नको." तिसऱ्या दिवशी ती गेली. सगळ्यांत मोठ्यानं कमल रडली, आणि ते रडणं खोटं होतं असं मी म्हणणार नाही.

आक्कानं फुलायला ठेवलेल्या कांद्यांचं बी उन्हाळ्यात तिच्या सुनेनं काढलं आणि पुडी माझ्या हातात दिली. सासूनं तसं सांगून ठेवलं होतं. यंदा मी वाफा करत होते, तर कमल कुंपणाशी आली. "चिमूटभर दे की गं."

"नाही."

"मेलेल्या माणसाचं वैर तू कशापायी चालवतीस? आक्का असती तर आता दिलं असतं तिनं."

"दिलं असतं?" मी विचारलं.

तिनं कुंपणाची तार धरली. खरोखरच विचार करत होती. मग मान हलवली.

"न्हाई," म्हणाली. "नसतंच दिलं." आणि घरात गेली.