चार बकऱ्यांवरचा आळ

ती डुलणारी गाय आजही आठवते आणि मला हसू आवरत नाही. तेव्हा मी रत्नागिरीजवळच्या एका ठाण्याचा प्रभारी अधिकारी होतो. काजूचा हंगाम होता. सकाळी ठाणे अंमलदाराने स्टेशन डायरी पुढे केली आणि हसू दाबत म्हणाला, "साहेब, बकऱ्यांविरुद्ध तक्रार आहे."

तक्रारदार गावातला वजनदार बागायतदार. त्याची गाय दोन दिवस झोकांड्या खात होती. शेजारच्या एकट्या आजीच्या चार बकऱ्या दोघांच्या आवारांमधल्या चिऱ्यांच्या गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, अंग घासत. मेंढ्यांना ज्या रोगाने खाज सुटते, तोच रोग गाईंना लागतो आणि त्या वेड्या होतात, असं त्याने मोबाइलवर पाहिलं होतं. मेंढीचा दोष त्याने बकरीवर ढकलला. गावानेही आजीला बजावलं, दोन दिवसांत बकऱ्या खाटकाला दे.

मी आजीचा जबाब घेतला. "सायेब, ह्यांच्या करडांवर माजं वरीस निघतं. ही गेली तर मी खाव काय?"

गुरांच्या डॉक्टरांना बोलावलं. ते म्हणाले, "रोग खरा आहे. परदेशात मेंढ्यांच्या हाडामांसाची भुकटी गाईंच्या खाद्यात गेली, त्यातून तो आला असं मानतात. गडगा घासून तो लागत नाही. लागला तरी दिसायला वर्षं जातात." बकऱ्यांना नुसत्या उवा झाल्या होत्या.

मग ते गाईच्या तोंडाशी वाकले. "साहेब, हा वास तुमच्या खात्याचा दिसतो."

मी तक्रारदाराला विचारलं, "गाय चरते कुठे?"

"हितंच, मागं."

"मागे काय आहे?"

बोलका माणूस एकाएकी गप्प झाला, की पुढचा प्रश्न विचारू नये, उठून बघून यावं. गोठ्यामागे पेंढ्याखाली दोन पिंपं निघाली. काजूच्या बोंडांचा रस गावठी दारूसाठी आंबत ठेवलेला, आणि एका पिंपाचं झाकण सरकलेलं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या. पंचनामा केला, तक्रारदारावरच गुन्हा दाखल झाला. गाय संध्याकाळी शुद्धीवर आली.

निघताना आजीने वाट अडवली. "माजी बकरी निर्दोष हायत, लिवून द्या. गाव माजं ऐकायचं न्हाय, तुमच्या कागदाचं ऐकंल."

सोबतचे हवालदार हसले. मी मात्र लिहून दिलं आणि गावासमोर वाचूनही दाखवलं. नोकरीभर मी गुन्हेगार शोधले, पण ज्याच्यावर खोटा आळ आला त्याच्या दारी जाऊन, तुझा दोष नव्हता, असं चारचौघांत कधी सांगितलं नव्हतं. याची मला लाज वाटली. त्यानंतर मात्र प्रत्येक वेळी जात राहिलो.

आजीने कागदाची घडी कमरेला खोचली आणि म्हणाली, "दोन दिस बांधून घातलीत बिचारी. सोडते आता."