राजवाड्यातली बोटभर चीर

कतारमध्ये, दोह्यात माझं तिसरं वर्ष चाललं होतं. ऐंशीच्या आसपासची गोष्ट. मी रत्नागिरीकडचा सुतार, कंपनीच्या वर्कशॉपमध्ये दारं-कपाटं करायचो. एके दिवशी फोरमनने मला अल रय्यान भागातल्या एका बंगल्यात पाठवलं. तिथल्या मालकाने युरोपातून एक चित्र आणलं होतं, शे-दीडशे वर्षांपूर्वीचं. बोटीच्या प्रवासात त्याची फ्रेम मोडली होती. ती काढून नवी बसवायची होती.

चित्र माझ्याहून उंच. राजवाड्यातला दरबार होता तो. संगमरवरी खांब, छताला सोन्याची नक्षी, लाल मखमली पडदे, खिडकीतून तिरपं उतरलेलं ऊन. एवढ्या थाटात माणूस एकच. उजव्या कडेला गुडघ्यांवर बसून फरशी पुसणारी बाई.

खिळे गंजले होते. शेवटचा उपसताना पक्कड निसटली आणि तिचं टोक चित्राच्या कापडात घुसलं. बाईच्या कोपराशेजारी बोटभर चीर पडली. माझा पासपोर्ट कंपनीकडे होता. मालकाने कंपनीला एक फोन केला, की मी खलास.

सोबत साताऱ्याकडचा आमचा ड्रायव्हर होता. त्याने आधी दार लोटून घेतलं.

"फ्रेमची पट्टी चार बोटं रुंद कर," तो हळूच म्हणाला. "झाकून जाईल. कोण बघतंय?"

मी एक पट्टी लावून पाहिली. चीर झाकली, पण बाईही गेली. मालकाने तिच्यासाठीच चित्र घेतलं असेल तर? ती भीती होती की लाज, आजही सांगता येत नाही. मी पट्टी खाली ठेवली आणि मालकाला बोलावून घेतलं.

मोडक्या हिंदीत सगळं सांगितलं. त्याने वाकून चिरेवरून बोट फिरवलं. ड्रायव्हर जमिनीकडे बघत उभा होता.

"छुपाया क्यों नहीं?" मालकाने विचारलं.

मी पट्टी पुन्हा बाईवर धरून दाखवली. तो बघत राहिला, मग आत निघून गेला.

पुढचे आठ दिवस फोरमनच्या केबिनमधला फोन वाजला की माझा रंधा थांबायचा. नवव्या दिवशी मालकाचा निरोप आला, फ्रेम अरुंदच करायची, चीर दिसली तरी चालेल, बाई दिसली पाहिजे.

सागवानाची फ्रेम करून मी चित्र बसवलं. भिंतीवर चढवताना मालकाने स्वतः एक बाजू धरली.