दर्यावाल्या काकांच्या वह्या

"थांबा, आधी ताप बघू."

पाण्याचा पेला समोर आला की काका हेच म्हणायचे. खिशातून थर्मामीटर काढायचे, पेल्यात बुडवायचे, आकडा पुटपुटायचे आणि मगच प्यायचे. उदगीरचा हॉटेलवाला वैतागायचा. "काका, पानी हाय ते, पेशंट न्हाई!"

असा एखादा नमुना तुमच्याही गावात असेल. आमचा जरा लांबून फिरून आलेला होता. निजामाच्या काळात जळकोटकडच्या घरातून पळाले, मुंबईच्या गोदीत शिरले आणि तीसेक वर्षं मालवाहू जहाजांवर खलाशी होते. उदगीरपासून समुद्र कुठल्याही दिशेला लांबच. त्यामुळे सगळे त्यांना दर्यावाले काका म्हणायचे.

माझं दोर-बादल्यांचं दुकान. आठवडी बाजारात गोणपाट अंथरून सुरुवात केली. कुणाच्या बापाचं काही घेतलं नाही. दुष्काळात विहिरी खोल गेल्या, तसे लोक लांब दोर मागू लागले. काकाही आले. मी भाव सांगितला, त्यांनी तेवढेच पैसे पुढे केले. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. घासाघीस न करणारं गिऱ्हाईक मला अपमानासारखं लागतं.

भांडायला म्हणून मी ओळख वाढवली. जहाजावर त्यांचं एक ठरलेलं काम होतं. रोज नेमल्या वेळी कॅनव्हासची बादली समुद्रात सोडायची, वर ओढायची आणि लगेच पाण्याचा ताप बघायचा. साहेब तो जहाजाच्या वहीत लिहायचा, काका आपल्या वहीत. जहाज त्या वेळी कुठं होतं, तेही. अशा पेटीभर वह्या होत्या.

"कशापायी लिहिलं एवढं?"

"दर्यात बी नद्या हायत, शेट. गरम पान्याच्या, गार पान्याच्या. त्या हळूहळू बदलून राहिल्यात. तिकडं पानी तापलं की इकडचा पाऊस रुसतो."

"मंग यंदा पडंल का, तेवढं सांगा की!"

"एका बादलीवर दर्या सांगत न्हाईत. एका मानसाच्या जन्मात बी कळत न्हाई ते. आपून लिहून ठिवायचं, मागनं येनाऱ्यानं जोडून बघायचं."

जन्मभर माल आपण भरायचा आणि पेठ दुसऱ्यानं बघायची, हा धंदा मला काही पटेना.

पण काका थकले होते आणि पेटीला वाळवी लागली होती. या वह्या कुणा जाणत्याच्या हाती पडाव्यात, एवढा एकच घोर त्यांना होता. उस्मानाबादेतून फुटून लातूर जिल्हा नुकताच झालेला. नवी कचेरी, नवी टेबलं. काका म्हणाले, "तुमाला बोलता येतं शेट, संगं चला." माझी छाती फुगली.

कारकुनानं पहिली वही उघडली. "हा समुद्र कोनत्या तालुक्यात येतो?"

"समद्यांत," काका म्हणाले.

"मग उस्मानाबादला जावा. जुनं समदं तिकडंच हाय."

मी आवाज चढवला. तो ऐकून आतले साहेब बाहेर आले. वही हातात घेऊन पानं उलटू लागले. एक वही झाली, दुसरी झाली. गिऱ्हाईक माल खाली ठेवेना, म्हणजे त्याला तो हवा आहे, एवढं मला कळतं.

"बसा," साहेब म्हणाले. "बघून सांगतो."

बघून सांगतो! बाजारात ही भाव पाडायची भाषा. माझं डोकं सटकलं. मी त्यांच्या हातातली वही ओढली, पेटी बंद केली. "चला काका. हितं मालाची किंमत न्हाई!"

बाजारात असं निघालं की दहा पावलांवर मागून हाक येते. येतेच.

आम्ही फाटकापर्यंत आलो. मी वाकून चपलेचा अंगठा नीट करत राहिलो. मग दुसऱ्या चपलेचा.

"शेट," काका हळूच म्हणाले, "कुनाची वाट बघून राहिलो आपून?"

एसटीत मी उदगीर येईपर्यंत साहेबांना शिव्या घातल्या. काका पेटी मांडीवर घेऊन खिडकीबाहेर बघत होते.

पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. दहावं झाल्यावर मी त्यांच्या घरी पोचलो. पेटी उचलायची आणि पुन्हा लातूर गाठायचं, असं ठरवूनच गेलो होतो. पेटी रिकामी. "रद्दीत घातल्या का काय?" मी त्यांच्या पुतण्याच्या बायकोवर ओरडलो.

"रद्दीत कशाला? तुमी दोघं लातूरहून आलात, त्याच आठवड्यात सोता जाऊन देऊन आले. दिसभर हुबे होते म्हनं सायबासाठी."

"मला न्हाई बोलले ते?"

"म्हनले, शेटला सांगू नगा. मानूस चांगला हाय, पर बाजाराचा हाय."

हा राग माझा अजून गेलेला नाही. नेलं असतं तर मी गप्प बसलो नसतो का? नसतोच बसलो. पण विचारायला काय जात होतं!

काही महिन्यांनी त्यांच्या नावाचं पाकीट आलं. पुतण्याची बायको ते वाचून घ्यायला माझ्याकडं आली. पुण्याहून कुणा हवामानाच्या अभ्यासकानं लिहिलं होतं. लातूरच्या साहेबांनी पाठवलेल्या वह्या फार मोलाच्या आहेत, इतर जहाजांच्या नोंदींशी जुळतात. फक्त एका पानावर पाणी भलतंच गरम लिहिलं आहे. आकडा थोडा कमी असावा असं वाटतं. तसा धरावा का, कळवावे.

समोर गिऱ्हाईक दोर ताणून बघत उभं होतं. त्याला तसंच ठेवून मी पोस्टकार्ड आणलं आणि उभ्या उभ्या लिहिलं: "लिहिणारे वारले. आकडा आहे तोच बरोबर. एक रेघसुद्धा कमी होणार नाही."