एकमतातलं एक मत

मालन कांबळे या गडमुडशिंगीच्या उपकेंद्रातल्या सिस्टर. त्यांच्यावर अन्याय झाला १९९८ च्या नोव्हेंबरात, तिसऱ्या फेरीच्या कागदावर. त्या गेल्या महिन्यात वारल्या. अन्याय मात्र छापील आहे, आणि तुमच्या गावच्या दवाखान्यात खिळ्याला टांगलेला आहे.

मालन म्हणजे माझी आत्ती, वडिलांची थोरली बहीण. माझी पत्रकं घरात ती एकटीच शेवटपर्यंत वाचायची, तेही चुका काढायला. "लई वरडतीस कागदावर. हळू लिही, लोक जवळ येतील की." आज तिचं ऐकणार नाही. तिच्या जलदानविधीच्या दिवशी एक मोठे डॉक्टर आले आणि दोन शब्द बोलले, की सिस्टर आमच्या तज्ज्ञ मंडळात होत्या, त्यांच्यासह सगळ्यांच्या एकमतानं ती पुस्तिका झाली. माणसांनी माना डोलावल्या. मी मेलेल्या बाईची सही कोण करतंय ते बघत होते…

पुस्तिका ज्या पाहणीतून निघाली, ती या डॉक्टरांनीच चालवलेली. डॉक्टरची वाट न बघता बाळंतिणीला मोठ्या दवाखान्यात कधी हलवायचं, त्या खुणांची यादी करायची होती. तज्ज्ञांना एका खोलीत बसवलं तर मोठ्या आवाजाचा बाकीच्यांना दाबतो, म्हणून टपालानं विचारायचं. प्रत्येक खुणेला एक ते नऊ गुण द्यायचे, मग सगळ्यांचा मधला आकडा कळवून पुन्हा विचारायचं. अशा तीन फेऱ्या. कल्पना चांगली आहे, मी नाकारत नाही. पहिल्या फेरीत आत्तीनं रिकाम्या जागेत आपली एक खूण भरली, ती यादीत अकरावी आली: बाई स्वतः म्हणते, मला बरं वाटत नाही. दुसऱ्या फेरीत तिनं तिला नऊ दिले. तिसऱ्या फेरीच्या कागदावर मधला आकडा आला दोन. खाली छापलेलं, ‘आपले मत मंडळापासून दूर आहे, कृपया फेरविचार करावा.’ फेरविचार दूरच्यानंच करायचा! दोन देणाऱ्यांना कारण कुणी विचारलं? आणि नऊचं कारण लिहायला जागा किती, तर अर्धी ओळ.

अर्ध्या ओळीत मावणारं ते नव्हतंच. गारगोटीकडं पहिली नेमणूक असतानाची एका बाळंतिणीची गोष्ट ती मला तो कागद भरताना पहिल्यांदा सांगत होती. "नाडी बरी, ताप न्हाय. ती म्हणत हुती, सिस्टर, मला बरं वाटंना. मी थांबलो…" आत्ती चष्मा पुसत राहिली. "दुपारी गेली गं. मी नाडीचं ऐकत बसलो, बाईचं न्हाय."

तिसऱ्या फेरीत तिनं पुन्हा नऊ दिले, वेगळं पान टाचलं आणि रजिस्टर टपालानं धाडलं. पोहोच आली, शिक्क्यासकट. पुस्तिका आली तेव्हा खुणा दहाच, वर ‘एकमताने’, आणि मागं तज्ज्ञांच्या यादीत तिचं नाव. मी डॉक्टरांकडं गेले. ते म्हणाले, मुदतीत उत्तर आलं नाही की सहमती धरतो, पद्धतच आहे. मी पोहोच पुढं सरकवली. तारीख मुदतीतली होती. मग म्हणाले, फार दूरची उत्तरं शेवटी गाळावी लागतात. एका चहात दोन कारणं! खरं कोणतं, मला आजही ठाऊक नाही. कदाचित पाकीटच फोडलं नसेल. पण मत गाळायचं होतं, तर नाव का ठेवलं?

आत्तीनं आरडाओरडा केला नाही. तिची ती पुस्तिका बीपीच्या यंत्राच्या डब्यात असायची, अजून आहे. परवा उघडली. पहिल्याच पानावर ‘एकमताने’ या शब्दात, एक आणि मत यांच्या मधे, निळ्या पेनाची उभी रेघ. ही रेघ मी पूर्वी पाहिली होती आणि विचारलंही होतं. "एकमत न्हाय ते," ती म्हणाली होती. "एक मत हाय. माझं."

तेव्हा हा कागद खाली ठेवा आणि तुमच्या गावच्या दवाखान्यात जा. खिळ्यावरची पुस्तिका उतरवा. त्या शब्दात तशीच रेघ मारा, दहाव्या खुणेखाली अकरावी लिहा, तिथल्या सिस्टरला मोठ्यानं वाचून दाखवा. आणि पुढच्या वेळी कुणी तुमच्यासमोर ‘तज्ज्ञांचं एकमत’ म्हणालं, तर मान डोलावण्याआधी विचारा: पटलं नाही ते कुणाला, आणि त्याचं कारण कुठल्या पानावर छापलंय?