पहिल्या नंबरचा टेम्पो

लातूरच्या मालधक्क्यावर भुजंगचा टेम्पो सलग चार दिवस पहिल्या नंबरवर उभा होता. आपल्या आयुष्यातला हा सर्वात मोठा मान, असं तो स्वतःच सांगतो. पन्नाशीपर्यंत तो कशातच पहिला आला नव्हता. आला तेव्हा धक्क्यावर गाडीच नव्हती.

गाडी म्हणजे युरियाची मालगाडी. लोको पायलट लोकांनी संप केला नव्हता, ते फक्त नियमानं वागायला लागले होते. दहा तास भरले की मिळेल त्या स्टेशनात गाडी उभी करायची, सही करायची आणि खाली उतरायचं. आठवड्याची हक्काची सुट्टी मिळेपर्यंत असंच चालणार होतं. त्यामुळे दिवसभरात येणारी गाडी आधी परळीला बसली, मग घाटनांदूरला बसली. इकडे सतरा टेम्पोवाले हमालांसोबत पत्ते कुटत ‘दहा तासवाल्यां’चा उद्धार करत होते. शिव्या देण्यातही भुजंगचा नंबर पहिलाच होता.

त्याला घोर होता तो वीरण्णांचा. मुरुडच्या या खताच्या दुकानदाराचा सगळा माल बारा वर्षं भुजंगच पोचवत होता. घर चालत होतं ते त्याच कामावर. वीरण्णांनी फोनवर बजावलं होतं, "बाजाराच्या आदल्या दिवशी माल दुकानात पायजे, सगळ्याच्या आधी. जमत नसंल तर सांग, दुसरा टेम्पो बघून ठेवलाय."

बाजाराच्या आदल्या दिवशीच पहाटे खबर आली की गाडी लातूर रोडला येऊन थांबली आहे. लातूर फक्त पस्तीस किलोमीटर.

ड्रायव्हर टेम्पोचा असो की इंजिनाचा, त्याला गरम खाऊ घातलं की तो पुढं निघतो, अशी भुजंगची पक्की समजूत. तो स्वतः तसाच निघत आला होता. घरी जाऊन त्यानं बायकोला, आरतीला उठवलं आणि भाकरी, पिठलं, ठेचा करायला लावला.

"रेल्वे काय भाकरीवर चालती का?" आरतीनं विचारलं.

"ड्रायव्हर तर चालतो की."

डबा घेऊन धक्क्यावरून टेम्पो काढताना हमालांच्या टोळीचे मुकादम मारोती आडवे आले. "भुजंगा, नंबर सोडून कुठं निघून राहिला? तीनदा पुकारा झाला अन् तू नसला, तर शेवटी जाशील. नियम हाय."

"मला सांगता व्हय मुकादम? नियम म्याच केलाय."

हे खरं होतं. दोन वर्षांपूर्वी एक जण टेम्पो लावून घरी जेवायला गेला, तेव्हा भुजंगनंच धक्क्यावर भाषण ठोकून हा नियम पास करून घेतला होता. टाळ्याही पडल्या होत्या.

लातूर रोडच्या फलाटावर लोको पायलट नळाखाली तोंड धूत होता. तिशीतला, नांदेडचा धम्मदीप. डोळे लाल.

"सायब, पस्तीस किलोमीटरच हायत," भुजंगनं डबा उघडून समोर धरला.

"मामा, काल संध्याकाळी सातला इंजिनात चढलो. पाचला दहा तास झाले. आता मला पस्तीस काय अन् साडेतीनशे काय, सारखंच."

"ह्या, दहा तास! म्या बावीस तास चालवलाय टेम्पो. एका दमात."

"झोप न्हाई येत?"

"येती की! मागल्या साली चाकूरजवळ डुलकी लागली, ते जागा झालो सोयाबीनमधीच. समोर बुजगावणं उभं. म्या त्याला रस्ता इचारला." एवढं बोलून भुजंग खदखदून हसला. एकटाच.

धम्मदीपनं भाकरीचा तुकडा मोडला. "माझ्या मागं बेचाळीस डबे असतात, मामा. ते सोयाबीनमधी मावत न्हाईत."

भुजंगनं ठेचा त्याच्यापुढं सरकवला. दोघांनी पिठलं खाल्लं. मन वळवायला आलेला माणूस पोट भरल्यावर बाकावर जरासा टेकला. चार रात्री टेम्पोच्या सीटवर अंगाची घडी करून काढल्या होत्या. दुसरा ड्रायव्हर आला, भोंगा झाला, बेचाळीस डबे त्याच्या कानापासून दहा हातांवरून खडखडत निघाले, तरी हा घोरतच होता. उठवलं ते एका शेळीनं, उरलेली भाकरी ओढताना डबा पाडून. तोवर गाडीचा शेवटचा डबा सिग्नलच्या पार गेला होता.

भुजंगनं टेम्पो पिटाळला. अर्ध्या वाटेवर रेल्वेचं फाटक बंद. फाटकाआडून त्याचाच युरिया त्याच्या डोळ्यांसमोरून झुलत झुलत गेला. त्यानं डबे मोजले. बेचाळीसच होते, एकही कमी नाही.

धक्क्यावर पोचेपर्यंत तीन पुकारे होऊन गेले होते. मुकादम म्हणाले, "सतरावा." कोणी हसलं नाही, म्हणून भुजंगच हसला.

त्याचा नंबर लागून पोती चढेस्तोवर दिवस मावळायला आला. तेवढ्यात वीरण्णांचा फोन.

"निघाला का?"

"अण्णा, पोती भरली. पण डोळे मिटून राहिलेत. सकाळी उजाडायला येतो."

"अरे, पंचवीस किलोमीटरच तर हाय!"

हे वाक्य कुठून आलं ते भुजंगला बरोबर कळलं. सकाळी त्यानं ते डब्यात बांधूनच नेलं होतं.

"पंचवीस काय अन् अडीचशे काय, अण्णा. माझे तास भरले."

"तास? तू काय रेल्वे हायस का?"

"रेल्वे असतो तर तुमी चार दिवस गप बसून वाट बघितली असती," भुजंग म्हणाला. पण तोवर फोन कट झाला होता. ही गोष्ट सांगताना तो हेही प्रामाणिकपणे सांगतो. सगळं आयुष्य उत्तर सुचण्यात गेलं, म्हणतो, वेळेवर एकदाही सुचलं नाही.

मग तो पोत्यांवर ताडपत्री ओढून तिच्यावरच आडवा झाला.

सकाळी मुरुडला पोचला तेव्हा बाजार भरायला लागला होता. शेजारच्या दुकानापुढं युरियासाठी माणसांची रांग होती, वीरण्णांच्या दारात कोणी नव्हतं. त्यांनी पोती उतरवून घेतली. चहा सांगितला नाही. "पुढच्या गाडीपासून येऊ नको," एवढंच म्हणाले. भुजंग "बरं अण्णा" म्हणाला. भांडायला अंगात जोर होता, झोप चांगली झाली होती. तरी तेवढंच म्हणाला.

घरी आरती दारातच उभी होती. "काय म्हणले अण्णा?"

"नको म्हणले."

तिनं त्याच्या हातातला डबा घेतला. "अन् तू रात्री निघाला न्हाईस?"

"न्हाई."

"बरं केलंस," ती म्हणाली आणि पाणी आणायला आत गेली. भुजंग उंबऱ्यावर बसला. बारा वर्षांचं काम हातचं गेलं होतं आणि त्याला जांभई आली.