दादाचा सूट आणि माझी आठ सेकंदं

माझा थोरला भाऊ पासष्ट वर्षांचा व्हायची वाट बघत होता, आणि चौसष्टाव्या वर्षीच गेला.

वाट बघायला कारण होतं. प्रौढांच्या पोहण्याच्या शर्यतीत पाच-पाच वर्षांचे गट असतात. साठ ते चौसष्टच्या गटात दादा सगळ्यात म्हातारा. पासष्ट लागलं की पुढच्या गटात तोच सगळ्यात तरुण. आमच्या अख्ख्या तारनाका वस्तीत वाढदिवसाकडे असे डोळे लावून बसलेले दोघंच होते, दादा आणि शेजाऱ्यांची पाच वर्षांची नात. त्या मुहूर्तासाठी त्यानं शर्यतीचा खास सूट आणून ठेवला होता. कमरेपासून गुडघ्यापर्यंतचा, काळा, आणि घडी घातली तर चष्म्याच्या डबीत मावेल एवढा.

"वय जेवढी सेकंदं खातं, तेवढी हा परत आणून देतो," दादा म्हणाला.

"कापड काय करणार? पोहायचं तुला आहे," मी म्हणालो. (मी जन्मभर ग्रंथालयात नोकरी केली. कधी न वापरलेल्या वस्तूंबद्दल ठाम मत असणं हा आमच्या पेशाचा रोग आहे.)

"तू एकदा घालून पोह. मग बोल."

"बघू," मी म्हणालो, आणि हसलो.

हे रविवारी. मंगळवारी पहाटे त्याचं हृदय थांबलं.

चाळीस वर्षं आम्ही वाद घातले. हा एक मला हरायचा होता. तो सूट घालून मी जरा जरी लवकर पोहोचलो असतो, तर दादा खरा ठरला असता, आणि त्या हसण्याचं ओझं थोडं उतरलं असतं.

तेराव्यानंतर दादाचे कपडे वाटून टाकले होते. सूट तेवढा वाचला, कारण वहिनींनी तो गरम पाण्याच्या पिशवीशेजारी ठेवला होता.

"मला वाटलं गुडघ्याचा पट्टा आहे, भावजी," त्या म्हणाल्या. "एवढ्याशात माणूस मावतो होय?"

तुलनेसाठी आधी मी माझ्या जुन्या ढगळ चड्डीत पन्नास मीटर पोहून दाखवलं. दादाची वेळ गेली वीस वर्षं वहिनीच घेत. तो गेल्यावर त्या तलावाकडे फिरकल्या नव्हत्या. त्या दिवशी आल्या, दादाचं घड्याळ घेऊन. अठ्ठावन्न सेकंदं. मग नोव्हेंबरच्या स्पर्धेत मी नाव दिलं.

शर्यतीच्या दिवशी कपडे बदलायच्या खोलीत दादाचा पोहण्यातला दोस्त सत्तारभाई मदतीला होता. वय सत्तर. अर्ध्या तासात सूट माझ्या घोट्यांपर्यंत चढला.

"ऐसा नक्को साब. पाँव में थैली डालो, फिर सरकता. दादा बोले थे मेरे कू."

हिमायतनगरच्या बेकरीतून वहिनींनी बिस्किटं आणली होती. त्यांच्या दोन प्लास्टिकच्या पिशव्या माझ्या पायांत चढल्या, आणि सूट खरोखर सरकला. मांड्यांपर्यंत.

"पेट अंदर लो."

"घेतलं."

"और लो."

"आणखी नाहीये, सत्तारभाई."

"है साब, बाहर दिख रा मेरे कू."

शेवटी त्यानं मला कमरेला धरून उचललं आणि मीठ भरताना गोणी आपटतात तसं खाली आपटलं. सूट बसला. श्वास गेला. उजव्या पायातली पिशवी ओढून काढतोय तोच माझं नाव पुकारलं. मी चपला अडकवून धावलो. पाण्याच्या काठावर चष्मा काढला, चपला काढल्या. (चष्म्याशिवाय मला माझे पाय अफवेसारखे दिसतात. आहेत म्हणतात, खात्री नाही.) शिट्टी झाली आणि मी उडी मारली.

डाव्या पायातली पिशवी तशीच होती.

तिचं तोंड सुटाच्या काठाखाली अडकलं होतं. ओढाताणीत फाटलेल्या बाजूनं आत पाणी शिरलं आणि ती फुगली. मला एवढंच कळत होतं की कोणीतरी मला मागे धरून ठेवलंय. पंचविसाव्या मीटरला, खोटं कशाला सांगू, मला वाटलं दादाच आहे. काठावर सत्तारभाई ओरडत होता, मला वाटलं धीर देतोय. मी आणखी जोरानं पाय मारले. पिशवी आणखी फुगली.

"एक मिनिट सहा," वहिनींनी घड्याळ वाचलं. मग त्यांनी माझ्या पायाकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. हसत होत्या की रडत होत्या, हे चष्म्याशिवाय मला दिसलं नाही, आणि चष्मा लावायची हिंमत झाली नाही.

सूट काही उतरेना. शेवटी सत्तारभाईनं तो कात्रीनं कापून काढला. म्हणजे आता पुन्हा पोहून बघायचीही सोय नाही. एक मिनिट सहाचा निकाल पंचांच्या सहीनिशी घरी आला आहे, म्हणजे सूट घालून मी आठ सेकंदं हळू पोहलो. दादाशी घातलेला एकच वाद मी आयुष्यात जिंकलो, तो हा.

हल्ली संध्याकाळी मी वहिनींपुढे दादाची बाजू मांडतो. पिशवीची दहा सेकंदं वजा करा, भीतीची दोन करा, म्हणजे सूट चांगलाच होता. पोहण्यावरची पुस्तकं उघडून दाखवतो. वहिनी शेंगा सोलत शांतपणे माझी जुनी बाजू घेतात. माझी बाजू एवढी भक्कम होती हे मला कधी ठाऊकच नव्हतं. रोज हरतो.